हिंगण्याची झोपडी आणि वाढते पुणे



मागच्या सत्रात आम्ही पाचवी ते आठवीच्या वर्गांना एक साधा प्रश्न विचारला होता. आपल्या शाळेच्या आवारात पाण्याच्या टाकीमागे जी जुनी खोली आहे, ती कोणाची? बहुतेकांनी ‘मोडक्या बाकांची’ असे उत्तर लिहिले. काहींनी ‘शिपाईकाकांची’ असे लिहिले. दोघी-तिघींनी मात्र घरी आजीला विचारले आणि ‘महिला मंडळाची’ हे बरोबर उत्तर आणले. त्यांपैकी एकीने पुढे असेही लिहिले होते की, आजी त्या खोलीत शिवण शिकली आणि त्या शिवणावर तिने दोन मुलांच्या फिया भरल्या.

शाळेच्या विस्ताराचा आराखडा सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे. वर्ग वाढवायला हवेत, याबद्दल कोणाचे दुमत नाही. त्या खोलीचे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे ओघानेच येतो. त्यावर आमचे मत आम्ही लेखाच्या शेवटी सांगूच. पण त्याआधी दुसऱ्या एका जागेची गोष्ट सांगावीशी वाटते. ती जागा बडोद्यातली नाही, पुण्याची आहे. तिची सुरुवातही एका लहानशा झोपडीने झाली होती.

शाळा होती, घर नव्हते

स्त्रियांच्या संस्थेला स्वतःची वास्तू का लागते, हे समजण्यासाठी सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागेल. पुण्यात मुलींच्या शिक्षणाची सुरुवात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात १८४८ साली केली होती. पुढे १८८४ साली मुलींचे हायस्कूलही निघाले. तेच आपण ‘हुजूरपागा’ या नावाने ओळखतो. म्हणजे मुलींना शिकायला शाळा अगदीच नव्हती, असे नाही.

अडचण होती ती विधवांची. त्या काळी मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. नवरा वारला की त्या मुलीचे उरलेले सारे आयुष्य एका कोपऱ्यात जाई. ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांत केशवपन करीत, लाल अलवण नेसायला देत, एकवेळ जेवण आणि दिवसभर राबणे हे तिच्या वाट्याला येई. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता. पण कायदा कागदावर राहिला आणि समाज होता तिथेच राहिला.

अशा मुलीला शाळेत घालायचे म्हटले तरी ती शाळेत जाणार कुठून? ज्या घरातून जायचे, त्या घराचाच विरोध. बाहेर राहायचे तर तिला खोली भाड्याने कोण देणार? म्हणजे तिला नुसती शाळा पुरेशी नव्हती. आधी राहायला घर हवे होते, जेवायला ताट हवे होते आणि ‘ही आमची आहे’ असे म्हणणारे कोणीतरी हवे होते. फुले दांपत्याने ही गरज फार लवकर ओळखली आणि १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवा तेथे सुखरूप बाळंत होऊ शकत.

त्यानंतर पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ काढले. ते पुढच्याच वर्षी पुण्यात आले. राहण्याची सोय आणि शिक्षण एकाच छपराखाली, अशी ही व्यवस्था. तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढच्या गोष्टीत त्या पुन्हा येणार आहेत. १८९३ साली सदनातील मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात मोठा वाद झाला. सल्लागार मंडळातील प्रतिष्ठित मंडळी बाहेर पडली आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. रमाबाईंचे काम थांबले नाही, ते पुढे केडगावला वाढले. पण ज्या घरांना आपल्या मुली तेथे पाठवायच्या नव्हत्या, त्या घरांतील विधवांसाठी पुण्यात पुन्हा काहीच उरले नाही.

एक हजार रुपये आणि एक संस्था

फर्ग्युसन कॉलेजात त्या वेळी गणिताचे एक प्राध्यापक होते, धोंडो केशव कर्वे. मूळचे कोकणातल्या मुरूडचे, बोलायला संकोची आणि कामाला चिवट. १८९१ साली ते कॉलेजात आले. त्याच सुमारास त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले आणि ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई ही त्यांच्या मित्राची, नरहरपंत जोशी यांची बहीण. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. घरात आणि बाहेर सगळे त्यांना ‘बाया’ म्हणत. मुरूडच्या गावकऱ्यांनी या लग्नाबद्दल बहिष्कार घातला. त्यांच्या निर्णयाची झळ घरच्यांनाही सोसावी लागली.

कर्व्यांनी आधी विधवाविवाहाचाच प्रचार केला. पण त्यांच्या लवकरच लक्षात आले की, एकेक लग्न लावून हा प्रश्न सुटणारा नाही. विधवेला शिकवले, तिला पोटापाण्याचे साधन दिले, तर पुढे काय करायचे ते तिचे ती ठरवील. या विचारातून १४ जून १८९६ रोजी ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’ ही संस्था स्थापन झाली. अध्यक्ष झाले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि चिटणीस झाले कर्वे. कर्व्यांनी आपल्या शिलकीतले एक हजार रुपये संस्थेला दिले. त्या काळच्या प्राध्यापकाच्या पगारात संसार चालवून शिल्लक टाकलेले हजार रुपये म्हणजे किती, याची कल्पना पालकांना सहज येईल.

संस्था झाली, अध्यक्ष मिळाले, थोडा पैसाही आला. पण वास्तू नव्हती. आश्रमाची सुरुवात शहरातच झाली आणि अडचणीही तेथेच सुरू झाल्या. भर वस्तीत विधवा मुलींना एकत्र ठेवायचे म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरा आणि शेजाऱ्यांची बोलणी आलीच. त्यात प्लेग आला.

प्लेगने दाखवलेली वाट

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ सुरू झाली आणि १८९७ च्या आरंभी ती पुण्यात भडकली. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. घरोघरच्या झडत्या, सक्तीचे स्थलांतर, आणि त्याच वर्षी जून महिन्यात झालेला रँडचा वध हे सारे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. पुस्तकात सहसा नसते ती गोष्ट म्हणजे, साथ आली की पुणेकर शहर सोडून माळावर, शेतांत झोपड्या बांधून राहत. प्लेग त्यानंतरही वर्षानुवर्षे फिरून फिरून येत राहिला, त्यामुळे शहराबाहेर झोपडीत राहणे ही त्या काळात कोणाला विचित्र वाटणारी गोष्ट राहिली नव्हती.

मुलींना एकत्र ठेवायचे तर दाट वस्तीत ठेवणे आता धोक्याचेच होते. नेमक्या अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील आपली सहा एकर जमीन आश्रमाला दिली आणि इमारतीसाठी ७५० रुपयेही दिले. हिंगणे बुद्रुक हे तेव्हा पुण्याच्या पश्चिमेला चार मैलांवरचे, मुठेच्या काठचे खेडे होते. रस्ता कच्चा, आजूबाजूला शेते आणि माळ, रात्री मिट्ट काळोख. या जागेवर एक झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तेथे राहायला गेला.

या झोपडीत शाळा होती, वसतिगृह होते, स्वयंपाकघर होते आणि कचेरीही होती. किराणा शहरातून न्यावा लागे. कर्वे कॉलेजातले तास संपवून संध्याकाळी हिंगण्याला चालत जात, बरोबर सामानाचे ओझेही असे. तेथे पोचल्यावर मुलींना शिकवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत कॉलेजात यायचे, असा क्रम त्यांनी बराच काळ चालवला. पावसाळ्यात तो रस्ता कसा असेल, याची कल्पना आपण केलेली बरी.

येथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आश्रम गावाबाहेर गेला, याचा अर्थ काही जण ‘समाजाने हाकलले’ असा लावतात, तर काही जण ‘कर्व्यांनी दूरदृष्टीने मोक्याची जागा धरली’ असा लावतात. आमच्या मते दोन्ही अर्थ अपुरे आहेत. साथीची भीती होती, शेजाऱ्यांचा त्रास होता आणि शहरात मोठी जागा घेण्याइतका पैसा नव्हता. जी मिळाली ती जागा घेतली. पण ती भाड्याची न राहता संस्थेच्या मालकीची झाली, या एका गोष्टीने पुढचे सगळे शक्य झाले. भाड्याच्या घरातून मालक ‘उद्या खाली करा’ म्हणू शकतो. हिंगण्यातून असे म्हणणारा कोणी नव्हता.

आणखी एक काळजी कर्व्यांनी घेतली. आश्रमाचे काम त्यांनी विधवाविवाहाच्या चळवळीपासून वेगळे ठेवले. आश्रमात मुलगी पाठवली की तिचे लग्न लावून टाकतील, ही भीती घरच्यांच्या मनात राहू नये म्हणून. या धोरणाची किंमत मात्र त्यांच्याच घरातल्या एका व्यक्तीला द्यावी लागली.

वास्तू सांभाळणाऱ्या बाया

ती व्यक्ती म्हणजे बाया कर्वे. त्या स्वतः विधवाविवाह केलेल्या, त्यामुळे त्यांचा आश्रमातला वावर सनातनी पालकांना आणि देणगीदारांना खटकेल, अशी अडचण होती. ज्या प्रश्नासाठी आश्रम निघाला तो प्रश्न त्यांनी स्वतः भोगलेला आणि आश्रमाचे दार मात्र त्यांच्यासाठी सुरुवातीला अर्धेच उघडे. नवऱ्याचा पगार आणि वेळ आश्रमाकडे जात असता घर त्यांनी चालवले, मुले वाढवली. सुईणीचे शिक्षण घेतले. पुढे आश्रमासाठी दारोदार फिरून त्यांनी वर्गणीही जमवली. त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र १९४४ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या माणसाच्या पत्नीला काय काय सोसावे लागते, ते त्यात त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. वसंत कानेटकरांचे ‘हिमालयाची सावली’ हे नाटक कर्वे दांपत्याच्या आयुष्यावरून सुचलेले आहे. आपल्या शाळेच्या पालकांपैकी अनेकांनी ते पाहिले असेल.

दुसरे नाव पार्वतीबाई आठवले यांचे. त्या बायांच्या धाकट्या बहीण. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी लहान मुलगा, लिहिणे-वाचणे जेमतेम. मोठेपणी शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या आणि आश्रमाच्या कामाला येऊन मिळाल्या. आश्रमाची व्यवस्था पाहणे आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडणे ही दोन्ही कामे त्यांनी केली. आरंभी त्या स्वतः केशवपन केलेल्या वेषातच फिरत. पुढे १९१२ साली त्यांनी केस राखण्याचा निर्णय घेतला, आणि त्याबद्दल झालेली टीकाही पचवली. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी नीट येत नसताना त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले, इंग्रजी शिकल्या, आश्रमाची माहिती सांगून मदत मिळवली आणि १९२० साली परत आल्या.

आपल्या लक्षात येईल की, हिंगण्याच्या इमारतींच्या पायात जसे दगड-विटा आहेत तशी या स्त्रियांची पायपीटही आहे. संस्थेला भांडारकरांसारख्यांचे नाव लागत होतेच. पण रात्री आजारी मुलीच्या उशाशी बसणे, डाळ-तांदूळ पुरवून वापरणे, नव्याने आलेल्या घाबरलेल्या मुलीला जवळ घेणे, ही कामे नावाने होत नाहीत. ती तेथे राहणाऱ्या बायकांनीच केली.

झोपडीपासून विद्यापीठापर्यंत

आश्रम विधवांसाठी होता. पण मुलींची लग्ने लहानपणी होत होती म्हणूनच तर बालविधवा होत होत्या. मुलगी शाळेत असेल तर लग्न लांबेल, या विचाराने १९०७ साली कर्व्यांनी अविवाहित मुलींसाठी पुण्यात ‘महिला विद्यालय’ सुरू केले. आरंभी सहा मुली होत्या. १९११ साली हे विद्यालयही हिंगण्याला स्वतःच्या इमारतीत आले. विधवा आणि कुमारिका एकाच आवारात शिकू लागल्या. दरम्यान १९०८ साली ‘निष्काम कर्म मठ’ स्थापन झाला. संस्थेला आयुष्य वाहून घेणारी माणसे मिळावीत, हा त्याचा हेतू होता.

शहरातही याच काळात दुसरे एक मोठे काम उभे राहत होते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात ‘सेवासदन’ सुरू झाले. ज्या प्रौढ स्त्रिया घर सोडून राहू शकत नव्हत्या, त्यांना दुपारच्या वेळी येऊन शिकता यावे, परिचारिकेचे किंवा शिक्षिकेचे शिक्षण घेता यावे, ही तेथील सोय. म्हणजे एक वास्तू गावाबाहेर, राहण्यासाठी, आणि दुसरी गावात, येऊन-जाऊन शिकण्यासाठी. दोन्हींची गरज होती.

यानंतरची पायरी मोठी आहे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली आणि तसे विद्यापीठ आपल्याकडेही असावे, असे त्यांना वाटू लागले. १९१५ साली सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ साली हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरूही केले. कॉलेजच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या पाच! शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, हे त्याचे वैशिष्ट्य.

येथे आपल्या गुजरातशी या गोष्टीचा धागा जुळतो. १९२० साली मुंबईचे गुजराती गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजेच आजचे एस. एन. डी. टी. मराठीबरोबर गुजरातीतूनही तेथे मुली शिकू लागल्या. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईला गेले. मराठी माणसाचे कष्ट आणि गुजराती घराचा पैसा यांतून हे विद्यापीठ मोठे झाले. बडोद्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे विशेष अप्रूप वाटायला हरकत नाही.

आणि एक फरकही ध्यानात घ्यावा. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. येथे शिक्षणामागे दरबार उभा होता. हिंगण्यामागे कोणताच दरबार नव्हता. तेथे प्रत्येक खोली वर्गणीच्या पावत्यांवर उभी राहिली.

शहर चालत आले

आता या गोष्टीचा उत्तरार्ध. १९०१ साली छावणी धरून पुण्याची लोकवस्ती दीड लाखाच्या आसपास होती. १९५० साली पुण्यात महानगरपालिका आली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मुठेच्या पुराने नदीकाठच्या जुन्या पेठांतील हजारो घरे वाहून गेली आणि पूरग्रस्तांसाठी शहराबाहेर नव्या वसाहती वसवाव्या लागल्या. त्यानंतर कारखाने वाढले, कॉलेजे वाढली. डेक्कन जिमखान्यापुढचे एरंडवणे, त्यापुढचे कोथरूड, असे करत शहर पश्चिमेला सरकत गेले. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर गेली होती.

ज्या दिशेने कर्वे ओझे घेऊन चालत जात, त्या बाजूला आज वाहनांची रीघ लागलेली असते. तेथल्या मोठ्या रस्त्याचे नाव कर्वे रस्ता. हिंगणे बुद्रुक हे नाव मागे पडले आणि त्या भागाला सगळे कर्वेनगर म्हणू लागले. (नदीपलीकडे सिंहगड रस्त्याला हिंगणे खुर्द आहे. दोन्हींची गल्लत करू नये.) आश्रमाने शहर सोडले होते, शेवटी शहरच आश्रमाच्या दारात आले.

संस्थेचेही नाव बदलत गेले. अनाथ बालिकाश्रमाची ‘हिंगणे स्त्री शिक्षण संस्था’ झाली आणि पुढे ‘महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था’. कर्व्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले. पण संस्था त्यांच्या आठवणींवर बसून राहिली नाही. याच आवारात १९८६ साली मुलींसाठी वास्तुशास्त्राचे महाविद्यालय निघाले आणि १९९१ साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय. ज्या जागेवर एकेकाळी अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या विधवा राहत, तेथेच मुली आता घरांचे आराखडे काढायला शिकतात. सातारा, वाई अशा गावांतही संस्थेच्या शाळा आहेत.

आणि ती पहिली झोपडी? ती आजही आवारात जपून ठेवली आहे. भोवती मोठमोठ्या इमारती उठल्या तरी तिला हात लावलेला नाही. सहा एकरांच्या त्या देणगीची आजच्या बाजारभावाने किंमत कोणीही काढू शकेल. पण ती जमीन विकून दूर कुठे स्वस्तात जाण्याचा मोह संस्थेने केला असता, तर मुलींच्या त्या महाविद्यालयांना शहरात जागा कुठून मिळाली असती?

उणे काय होते

संस्थेचा गौरव करताना तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आश्रमात बराच काळ मुख्यतः ब्राह्मण घरांतील विधवाच होत्या. केशवपनाची आणि सक्तीच्या वैधव्याची रूढी त्या घरांत अधिक कडक होती, हे त्याचे एक कारण. देणगीदारांना दुखवायचे नाही, हे दुसरे. जातीच्या भिंतींना आश्रमाने सुरुवातीला हात घातला नाही. बायांच्या बाबतीत काय झाले, ते वर आलेच आहे. कर्व्यांनी पुढे, वयाच्या ऐंशीच्या पुढेमागे, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि १९४४ साली समता संघ स्थापन केला. राहून गेलेले काम त्यांनी उतारवयात हाती घेतले, असे आम्ही समजतो.

विद्यार्थी मित्रहो, कोणत्याही संस्थेचा इतिहास वाचताना ‘येथे कोणाला येता येत होते?’ हा प्रश्न जसा विचारावा, तसाच ‘कोणाला येता येत नव्हते?’ हाही विचारावा.

आपली खोली

आता पुन्हा आपल्या आवारात येऊ. पाण्याच्या टाकीमागची खोली हिंगण्याची झोपडी नव्हे, हे आम्हांला कळते. तिच्यातून विद्यापीठ निघाले नाही. पण ती आपल्या आज्यांनी वर्गणी काढून बांधली. ज्यांना घरात बसून शिकणे शक्य नव्हते त्या तेथे शिकल्या. ज्यांना कोणाशी बोलता येत नव्हते त्या तेथे बोलल्या. परक्या प्रांतात लग्न होऊन आलेल्या कितीतरी सुनांना गुजरातीचे पहिले धडे याच खोलीत मिळाले. आज तेथे मोडके बाक आहेत, याचा दोष खोलीचा नाही, आपला आहे.

नवे वर्ग झालेच पाहिजेत. त्याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. विश्वस्तांना आमची एवढीच विनंती आहे की, नव्या आराखड्यात महिला मंडळाची खोली ‘मंडळाची’ म्हणूनच असावी. ती जुनी ठेवा किंवा नवी बांधा, तो निर्णय अभियंत्यांनी आणि आपण मिळून घ्यावा. पण ‘गरज पडेल तेव्हा सभागृह वापरा’ असे सांगून ती आराखड्यातून गाळली जाऊ नये. सभागृह ज्याचे त्याच्याकडून मागावे लागते. स्वतःच्या खोलीची किल्ली आपल्याजवळ असते. हिंगण्याच्या गोष्टीतून आम्ही शिकलो ते हेच.

पालकांना आणि विशेषतः आजी मंडळींना दुसरी विनंती. त्या खोलीच्या वर्गणीच्या पावत्या, जुने फोटो, सभांच्या वह्या कोणाच्या ट्रंकेत असतील तर शाळेच्या कचेरीत दाखवायला आणाव्यात. आम्ही त्यांच्या प्रती काढून मूळ कागद परत करू. आणि पाचवी ते आठवीच्या मुलांनो, या सुट्टीत एक काम करा. आजीला, शेजारच्या काकूंना विचारा की, त्या खोलीत त्या पहिल्यांदा केव्हा गेल्या आणि काय शिकल्या. पानभर लिहून आणा. पुढच्या अंकात आम्ही ते छापू. आराखड्यावर निर्णय होण्याआधी ते लेखन विश्वस्तांच्या हाती पडावे, अशी आमची इच्छा आहे.